बॅटरीची राखण

घरगुती सौरयंत्रणेत पॅनेल हा सर्वांत सोशिक भाग असतो आणि बॅटरी हा सर्वांत नाजूक. तरीही यंत्रणा विकताना, विकत घेताना आणि पाहुण्यांना दाखवताना चर्चा पॅनेलांचीच होते, आणि बॅटरी मात्र जिन्याखाली, पडवीच्या कोपऱ्यात किंवा पोटमाळ्यावर, जिथे एरवी कोणी फिरकत नाही अशा जागी ठेवली जाते. अशा बॅटऱ्यांची राखण करण्यात ज्यांची अनेक वर्षे गेली त्यांत प्रस्तुत लेखकाचाही समावेश होतो, आणि कोकणच्या किनारपट्टीपासून मराठवाड्यापर्यंतच्या घरांत पाहिलेल्या बिघाडांवरून त्याचे एक मत हळूहळू पक्के होत गेले आहे. ते असे की, बॅटरीला होणारी इजा दोन प्रकारची असते, एक अचानक होणारी आणि दुसरी सावकाश होणारी. अचानक होणाऱ्या इजेसाठी फ्यूज, ब्रेकर, अर्थिंग अशी साधने असतात आणि ती बसवण्याची जबाबदारी कोणाची हेही ठरलेले असते, सावकाश होणारी इजा मात्र कोणाच्याच वाट्याला दिलेली नसते, आणि प्रत्यक्षात बहुसंख्य बॅटऱ्या तिनेच मरतात.

यंत्रणांमधील एक भेद येथे सांगणे आवश्यक आहे, कारण तो न कळल्यामुळे होणारे गैरसमज रोजच्या कामात वारंवार भेटतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे छपरावरील पॅनेलांचा मोठा प्रसार झाला. परंतु त्यांतील बहुतांश यंत्रणा ग्रिडला जोडलेल्या आणि बॅटरीविना असतात, आणि बाहेरचा पुरवठा बंद पडताच त्यांचा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, कारण तो चालू राहिला तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका निर्माण होईल. भर दुपारी छपरावर ऊन असताना घरातला पंखा का थांबला, हा प्रश्न त्यामुळे अनेक घरांत विचारला जातो, आणि त्याचे उत्तर म्हणून मग बॅटरी येते. ती येते तेव्हा तिच्याबरोबर एक जुनी समजूतही येते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातील घरांत इन्व्हर्टर आणि बॅटरी शिरली, आणि दिवे गेल्यावर उपयोगी पडणारी, उरलेला वेळ भरून राहणारी वस्तू अशीच तिची ओळख झाली. सौरयंत्रणेतील बॅटरीला असा विसावा नसतो. ती रोज दिवसा भरते आणि रोज रात्री रिकामी होते. राखीव म्हणून बसून राहणाऱ्या वस्तूकडे पाहण्याची जी सवय होती, तीच रोज राबणाऱ्या वस्तूला लावली गेली, आणि दुर्लक्षाचे मूळ बव्हंशी येथेच आहे.

शिशाच्या बॅटरीचे तत्त्व १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केले आणि मूलतः ते आजही तसेच आहे. एका सेलमध्ये शिशाच्या डायऑक्साइडची धन पट्टी, सच्छिद्र शिशाची ऋण पट्टी आणि दोहोंमध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते; वीज काढली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट साचते आणि आम्ल पातळ होते, आणि वीज भरली की ही क्रिया उलट होते. भारतीय घरांत बहुधा आढळणाऱ्या ट्यूब्युलर बॅटरीत, म्हणजे जिच्या धन पट्टीतील द्रव्य सच्छिद्र नळ्यांमध्ये भरलेले असते अशा बॅटरीत, असे सहा सेल मिळून १२ व्होल्ट होतात. रिकामी झालेली बॅटरी लवकर भरली तर सल्फेट सहज विरघळते. अर्धवट भरलेल्या स्थितीत ती आठवडेच्या आठवडे राहिली तर त्याच सल्फेटचे मोठे, घट्ट स्फटिक बनतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. या व्यवसायात ‘बॅटरी सल्फेट झाली’ असे जे म्हणतात ते हेच. या क्रियेत आवाज होत नाही, वास येत नाही, कोणताही दिवा लाल होत नाही. फक्त पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा पंखा मध्यरात्री थांबू लागतो, आणि तेव्हा घरातील माणसे बॅटरी ‘अचानक’ बिघडल्याची तक्रार करतात.

या सावकाश बिघाडाची सर्वांत विश्वासू साक्ष बॅटरीत घालाव्या लागणाऱ्या पाण्यात मिळते. चार्जिंगच्या अखेरीस, सल्फेटचे रूपांतर बहुतेक पूर्ण झाल्यावर, उरलेली वीज पाण्याचे विघटन करते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. म्हणून नियमित पूर्ण भरणाऱ्या बॅटरीची पाण्याची पातळी थोडी थोडी उतरलीच पाहिजे. एका घरात मालकांनी मोठ्या समाधानाने सांगितले होते की, त्यांच्या बॅटरीला वर्षभर पाण्याचा थेंबही लागलेला नाही, आणि विक्रेत्यानेही ती उत्तम प्रतीची असल्याचा निर्वाळा दिला होता. हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजणारी काचेची तरंगनळी, प्रत्येक सेलमध्ये बुडवून पाहिली तेव्हा भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत १.२४० च्या आसपास यायला हवे ते वाचन कोठेही १.१९० च्या वर गेले नाही. बॅटरी वर्षभर एकदाही पूर्ण भरली नव्हती, म्हणून तिने पाणी मागितले नव्हते. पॅनेलांच्या मानाने घरातील रात्रीचा वापर मोठा होता, आणि भर म्हणून पलीकडच्या आवारातील आंब्याची फांदी वाढत जाऊन तिची सावली दुपारनंतर दोन पॅनेलांवर पडत होती.

त्या घरानंतर पाणी हे निव्वळ भरण्याचे काम राहिले नाही, तर ते मोजून लिहून ठेवण्याची नोंद बनले. सर्व सेलना सारखेच, पण नेहमीपेक्षा जास्त पाणी लागू लागले तर चार्जिंगचा व्होल्टेज गरजेपेक्षा अधिक आहे किंवा जागा फार तापते आहे. सहांपैकी एकाच सेलला जास्त लागू लागले तर तो सेल शेवटाला लागला आहे. आणि कोणालाच लागत नसेल तर बॅटरी उपाशी आहे. या तीन निष्कर्षांसाठी भिंतीवर अडकवलेली एक वही आणि मोजपट्टी असलेले भांडे पुरेसे होते, आणि अशा वह्या बहुतेक घरांत स्त्रियांनीच नीट ठेवल्या, हेही नमूद केले पाहिजे. यंत्रणेविषयीचे बोलणे मात्र घरातील पुरुषाशी करण्याचा प्रघात आहे, आणि देखभालीच्या सूचना चुकीच्या व्यक्तीपाशी पोहोचण्याचे ते एक कारण आहे.

पाण्याविषयीचे अज्ञानही पुष्कळ आढळते. बॅटरीत केवळ डिस्टिल्ड, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले किंवा त्या तोडीचे क्षारमुक्त पाणी घालावयाचे असते, कारण विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातील क्लोराइड आणि लोह पट्ट्यांवर परिणाम करून बॅटरी आतल्या आत उतरवत राहतात. घरातील शुद्धीकरण यंत्राचे पाणी पिण्यास चांगले असते म्हणून ते बॅटरीलाही चालेल, असा समज सुशिक्षित घरांतच अधिक दिसतो. त्या पाण्यात क्षार कमी झालेले असतात, संपलेले नसतात. पाणी घालण्याची वेळ चार्जिंग पूर्ण झाल्यानंतरची असावी, कारण चार्जिंगमध्ये द्रव फुगतो आणि आधीच काठोकाठ भरलेल्या सेलमधून आम्ल बाहेर सांडते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या बुडण्यापुरते पाणी मात्र आधी घालावे. दारोदार फिरणारे काही कारागीर अशक्त बॅटरीत पाण्याऐवजी आम्लच ओततात. त्याने हायड्रोमीटरचे वाचन ताबडतोब सुधारते आणि मालक खूश होतो. पट्टीवरचे सल्फेट तसेच राहते, आणि तीव्र आम्लाने पट्ट्यांचे आयुष्य आणखी घटते. या व्यवसायातील हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुना फसवणुकीचा प्रकार असावा.

कोकणात या सर्व गोष्टींना पावसाळ्याचे परिमाण लाभते. मृगाच्या पावसाने एकदा ठाण मांडले की दिवसचे दिवस पॅनेलांची निर्मिती उन्हाळ्याच्या मानाने अगदी अल्प भागावर येते, आणि घराचा वापर तेवढाच राहिल्यामुळे बॅटरी रोज थोडी अधिक खोल जाते. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज रोज काढू नये असा संकेत आहे. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर सुमारे १.८ युनिट साठवते, त्यामुळे हिशेबात तिचे नऊ-दशांश युनिटच धरावे लागते. हे आकडेही सावकाश वापरासाठीचे असतात. दहा किंवा वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळणारी क्षमता लेबलावर छापलेली असते. तीच बॅटरी दोन तासांत उपसली तर ती लक्षणीयरीत्या कमी भरते, आणि हा संबंध जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट याने १८९७ मध्येच मांडला होता. जेथे ग्रिडची वीज आहे तेथे जून ते सप्टेंबर या काळात हायब्रिड इन्व्हर्टरमधील प्राधान्यक्रम बदलून बॅटरी ग्रिडवरून पूर्ण भरू द्यावी, हा साधा उपाय आहे, आणि तो सुचवला की बहुतेक ठिकाणी विरोध होतो, कारण सौरयंत्रणा बसवूनही बॅटरीसाठी वीजबिल भरणे हा मालकांना पराभव वाटतो. बिलातील काहीशे रुपये वाचवण्यासाठी हजारो रुपयांची बॅटरी खर्ची पडते, हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तरी पटतोच असे नाही. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात समतोल चार्जिंग, म्हणजे नेहमीपेक्षा थोड्या अधिक व्होल्टेजवर देखरेखीखाली केलेले लांब चार्जिंग, द्यावे. त्याने तळाशी साचलेले जड आम्ल बुडबुड्यांनी ढवळले जाते आणि मागे पडलेले सेल इतरांच्या बरोबरीला येतात.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. ज्या घरांची पॅनेल शाबूत राहिली त्यांच्याकडे आजूबाजूच्या वाडीतले मोबाइल चार्जिंगला येऊ लागले, कोणाचे औषध शीतकपाटात ठेवायचे होते, कोणाला पाण्याचा छोटा पंप चालवायचा होता, आणि नकार देणे शक्य नव्हते. त्याच दिवसांत पाऊसही सुरू झाला, म्हणजे बॅटरी भरण्याचे दोन्ही मार्ग एकदम आटले. नंतर तपासताना दिसले की, ज्या घरांनी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच शीतकपाट बंद करून केवळ दिवे आणि मोबाइल एवढाच भार ठेवला त्यांच्या बॅटऱ्या त्या महिन्यातून बचावल्या. बाकीच्यांच्या इन्व्हर्टरने कमी व्होल्टेजचा इशारा देऊन भार तोडला, तो पुन्हा पुन्हा चालू केला गेला, आणि त्यांतील बहुतेक बॅटऱ्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकल्या नाहीत. संकटात बॅटरी वापरू नये असे यातून सुचवायचे नाही. ती त्यासाठीच असते, आणि वाडीतल्या औषधापेक्षा बॅटरी मोलाची नव्हे. खोल गेलेली बॅटरी वीज परत येताच पूर्ण भरून घ्यावी लागते, एवढे मात्र कोणी सांगितलेले नव्हते, आणि वीज आल्यावर बॅटरीची आठवण राहिली नाही.

बंद घरांचा प्रश्न याहून वेगळा आहे. कोकणातील पुष्कळ घरे गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात, एरवी कुलूपबंद असतात. मुंबईला परतताना चाकरमानी वीज पडण्याच्या भीतीने पॅनेलांचा स्विच बंद करतात आणि इन्व्हर्टर मात्र चालू राहतो, कारण त्याला जोडलेले सर्व दिवे बंद असल्यामुळे तो वीज खात नसेल असे वाटते. छोटा इन्व्हर्टरही काहीच न चालवता साधारण ३० वॅट स्वतःसाठी घेऊ शकतो, म्हणजे दिवसाला पाऊण युनिट; दोन बॅटऱ्यांचा साठा त्यात आठवडाभरात संपतो आणि मग पुढचे आठ महिने त्या रिकाम्या अवस्थेत पडून राहतात. नेमके उलटे केले पाहिजे: इन्व्हर्टर बंद करावा, पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर चालू ठेवावेत, विजेच्या भीतीसाठी सर्ज संरक्षक बसवावा, आणि शेजारच्या ज्या माणसाकडे घराची किल्ली असते त्याला महिन्यातून एकदा पाण्याची पातळी पाहण्याचे काम सांगावे. या उपायाची परिणामकारकता किल्ली सांभाळणाऱ्यावर अवलंबून राहते. जिथे त्याला बॅटरी उघडून समक्ष दाखवली गेली तिथे काम झाले, आणि जिथे मुंबईहून फोनवर समजावले गेले तिथे बहुधा झाले नाही.

एकापेक्षा अधिक बॅटऱ्या मालिकेत, म्हणजे एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला, जोडलेल्या असतात तेव्हा एकूण व्होल्टेज फसवा ठरतो. चार बॅटऱ्यांच्या ४८ व्होल्टच्या संचात चार्जरला केवळ बेरीज दिसते. ती ५६ व्होल्ट असली तरी तीन बॅटऱ्या १४.४ वर आणि चौथी १२.८ वर असू शकते, आणि अशी चौथी रोज थोडी थोडी उपाशी राहते. म्हणून दर महिन्याला प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज वेगळा मोजणे हे या कामातील सर्वांत फलदायी पाऊल आहे, आणि त्याला साध्या मल्टीमीटरपलीकडे काही लागत नाही. मात्र साठ्याचा अंदाज घ्यायचा असेल तर चार्जिंग आणि भार दोन्ही थांबवून काही तासांनी मोजावे, कारण चालू भारावरचे वाचन त्यासाठी निरुपयोगी असते. एका घरात चौथी बॅटरी गेल्यावर मालकांनी तेवढीच नवी आणून बसवली, आणि वर्षभरात तीही बसली, तेव्हा दोष उत्पादकाला देण्यात आला. म्हाताऱ्या बैलाबरोबर खोंड जुंपले तर ओढ कोणाच्या मानेवर येते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. चारपैकी तीन बॅटऱ्यांची क्षमता घसरलेली असताना नवीही त्यांच्याच मर्यादेत भरते-उतरते, आणि संच तीन-चार वर्षांचा झाल्यावर तो पूर्ण बदलावा हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. काढलेल्या जुन्यांपैकी बरी एखादी निवडून १२ व्होल्टच्या छोट्या कामाला वेगळी वापरता येते.

मराठवाड्यात शत्रू वेगळा असतो. तेथे ऊन भरपूर, पावसाळा तुलनेने कोरडा, त्यामुळे बॅटरी सहसा उपाशी राहत नाही. ती उष्णतेने जाते. तापमान दहा अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते हा ठोकताळा पाठ्यपुस्तकातला असला तरी पत्र्याच्या छपराखाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या बॅटऱ्यांनी तो पुष्कळदा खरा करून दाखवला आहे. तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेजवर चार्ज करावे लागते, दर अंशाला एका सेलमागे ३ ते ५ मिलिव्होल्ट इतके कमी, आणि त्यासाठी कंट्रोलरला तापमानाचा संवेदक जोडायचा असतो. प्रत्यक्षात तो संवेदक अनेक घरांत खोक्यातच सापडतो, कारण बसवणाऱ्याने त्याला अनावश्यक वायर समजून बाजूला ठेवलेले असते. बॅटरी तळमजल्यावर, उत्तरेकडच्या भिंतीशी, चार बोटे मोकळी जागा सोडून ठेवण्याने जेवढा लाभ झाला तेवढा महागड्या उपकरणांनी झाल्याचे आढळले नाही. जुन्या दगडी वाड्यांतील जाड भिंतींच्या खोल्या याबाबतीत आदर्श ठरल्या. उघड्या सिमेंटच्या फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते ही समजूत मात्र जुन्या रबरी आणि लाकडी पेट्यांच्या काळातली आहे. प्लास्टिकच्या पेटीला फरशी काही करत नाही, आणि तरीही बॅटरी फळीवर किंवा ट्रॉलीवरच ठेवावी, कारण ओल आणि मुंग्या जमिनीवरून येतात.

जागेचा आणखी एक पैलू जिवाशी संबंधित आहे. चार्जिंगमध्ये सुटणारा हायड्रोजन हवेपेक्षा कितीतरी हलका असल्यामुळे छताशी साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून झरोका वरच्या बाजूस हवा. खाली जाळी ठेवून वर खोली बंद केली तर तिचा फारसा उपयोग नसतो. जिन्याखालची कपाटासारखी बंद जागा, आणि त्यालाच लागून देवघर, जिथे समई तेवत असते, अशी रचना अनेक जुन्या घरांत दिसते, आणि ती बदलण्याचा आग्रह धरावाच लागतो. बॅटरीवर काम करताना अंगठी, कडे, बांगड्या आणि गळ्यातील साखळी उतरवण्याचा नियमही असाच न मोडण्याचा आहे. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून बॅटरी निरुपद्रवी वाटते. परंतु दोन टोकांवर पाना आडवा पडला तर क्षणात हजारांवर अँपिअर वाहतात, आणि सोन्याची अंगठी त्या वाटेत आली तर बोटासकट भाजते.

अचानक होणाऱ्या इजेविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तिचे उपाय परिचित आहेत. बॅटरीच्या धन टोकाजवळच, शक्य तितक्या कमी अंतरावर, डीसीसाठी बनवलेला फ्यूज असावा. घरगुती एसी ब्रेकर तेथे चालत नाही, कारण एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी तेथे विझते, डीसीला असा शून्याचा क्षण नसतो आणि ठिणगी ब्रेकरच्या आत जळतच राहते. सैल जोड हे आगीचे नेहमीचे कारण आहे: १०० अँपिअरच्या वाटेत केवळ ५ मिलिओहमचा विरोध असला तरी तेथे ५० वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे छोट्या सोल्डरिंग गनइतकी. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत टोकांवर हिरवट-पांढरी भुकटी लवकर चढते. ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, जोड आवळून वर व्हॅसलिनचा थर द्यावा, आणि आवळण्याआधी नव्हे तर नंतर द्यावा. अर्थिंगबाबत कोकणात विशेष अडचण येते, कारण जांभ्या दगडात खड्डा खणणे कष्टाचे असते, त्याचा विद्युत-विरोध मोठा असतो, आणि पावसाळ्यात ओलसर असताना चांगले दिसणारे अर्थिंग नेमके वैशाखात, वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा, कोरडे पडलेले असते. म्हणून अर्थिंगचा विरोध मोजायचा तर तो एप्रिलमध्ये मोजावा.

गेल्या काही वर्षांत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या घरांत आल्या आणि या कामाचे स्वरूपच पालटले. या प्रकारात रोज ८० टक्क्यांपर्यंत वीज काढता येते, अर्धवट भरलेल्या स्थितीत राहिल्याने सल्फेटसारखी इजा होत नाही, वजन निम्म्याहून कमी असते आणि पाणी घालावे लागत नाही. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी बीएमएस ही इलेक्ट्रॉनिक पाटी आतच असते आणि धोक्याच्या वेळी ती बॅटरी स्वतःहून तोडते. कोकणच्या पावसाळ्यासाठी ही बॅटरी शिशाच्या मानाने निःसंशय सरस आहे. तथापि पाणी घालण्याचे काम संपले त्याबरोबर महिन्यातून एकदा बॅटरीपाशी जाण्याचे निमित्तही संपले, आणि वही भिंतीवरून उतरली. सैल झालेला जोड, वायर कुरतडणारा उंदीर, पंख्याच्या जाळीत मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी, सर्किटवर मरून पडलेली पाल या गोष्टी पाणी घालायला गेलेल्या माणसाला आपोआप दिसत असत. आता त्या बिघाड झाल्यावर दिसतात.

नव्या बॅटरीने टक्क्यांवरचा विश्वासही आणला आहे. मोबाइलवर बॅटरी ६२ टक्के दिसते तेव्हा ते मोजलेले नसून हिशेबाने काढलेले असते, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. या रसायनात सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, तिसऱ्या हिश्शापासून नव्वद टक्क्यांपर्यंत एका सेलमागे ०.१ व्होल्टचाही फरक पडत नाही. म्हणून बीएमएस आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास मोजत राहते, आणि त्या मोजणीतील लहान चुका साठत जातात. बॅटरी पूर्ण भरली की हिशेब पुन्हा जुळतो आणि मागे राहिलेले सेलही त्याच वेळी बरोबरीला आणले जातात. लिथियमला पूर्ण भरू नये हा सल्ला अर्धवट ऐकून एका घराने मर्यादा कायम ८० टक्क्यांवर ठेवली होती. काही महिन्यांनी पडदा ४० टक्के दाखवत असताना बॅटरी अंधार करून बंद पडू लागली. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा ती पूर्ण भरू देणे आणि दीर्घ काळ बंद ठेवायची झाल्यास साधारण निम्म्यावर ठेवणे, या दोन सूचना परस्परविरोधी नाहीत, पण एका वाक्यात सांगितल्या तर तशा वाटतात. अति रिकामी झालेली बॅटरी बीएमएस तोडून टाकते आणि मग काही चार्जरना टोकांवर व्होल्टेजच दिसत नसल्याने ते चार्जिंग सुरू करत नाहीत. ती ‘मेली’ म्हणून परत पाठवण्याआधी उत्पादकाच्या सूचनेनुसार जागी करून पाहावी लागते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या, जुन्या वाहनांतील सेल जोडून बनवलेल्या पेट्यांविषयी मात्र स्पष्टच लिहिले पाहिजे: त्यांची क्षमता लेबलावरून नव्हे, प्रत्यक्ष रिकामी करून मोजावी, आणि विक्रेता तशी चाचणी समोर करून दाखवायला तयार नसेल तर ती घरात आणू नये.

वॉरंटीचे तंटे या व्यवसायात जेवढा वेळ खातात तेवढा कदाचित दुरुस्तीही खात नाही. त्यांत मालकाची बाजू बहुतेक वेळा पुराव्याअभावी पडते. बिल सापडत नाही, कार्डावर तारीख नसते, आणि निर्मितीच्या सांकेतिक अंकांवरून कळते की बॅटरी विकली जाण्याआधीच दुकानात कित्येक महिने विनाचार्ज पडून होती. खरेदीच्या दिवशीच तो अंक वाचून घेणे, बिलाचा फोटो काढणे आणि पहिली वाचने नोंदवणे याला दहा मिनिटेही लागत नाहीत. वार्षिक देखभालीचे करार केलेल्या ठिकाणीही भेटीच्या कागदावर केवळ सही असते आणि एकही आकडा नसतो. असा कागद मालकाने स्वीकारू नये.

आयुष्य संपलेल्या बॅटरीचे काय होते, याकडे घरमालक सहसा पाहत नाही, कारण जुनी देऊन नवी घेताना किमतीत सूट मिळते आणि विषय तेथे संपतो. शिसे पुन्हा वितळवून वापरता येते, म्हणून तिला नेहमीच गिऱ्हाईक असते. परंतु वजनातून वजा होणारे आम्ल गटारात ओतून देणारा भंगारवालाही असतो, आणि उघड्या भट्टीत शिसे वितळवण्याचे परिणाम आसपासच्या मुलांना भोगावे लागतात. ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्यांत लिथियमचाही समावेश आहे. तालुक्याच्या बाजारात शिशाच्या बॅटरीला किलोवर भाव मिळतो. फुगलेल्या लिथियमच्या पेटीला तेथील भंगारवाला हात लावायला तयार नसतो, आणि अशा काही पेट्या नव्या संचाच्या शेजारीच वर्ष-दोन वर्षे पडून असलेल्या पाहायला मिळाल्या आहेत. त्यांची टोके टेपने झाकून त्या घराबाहेर, सावलीत, जळणापासून आणि गवतापासून दूर ठेवाव्यात, आणि नवी लिथियम बॅटरी घेतानाच ती परत नेण्याची हमी विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावी.